बाबांच्या हातावरचा इग्वाना

सदर भागातल्या आमच्या ऑफिसच्या वर राहणारा भाडेकरू गाव सोडून गेला आणि पाळलेला इग्वाना बाथरूममध्येच ठेवून गेला. इग्वाना म्हणजे घोरपडीचा विलायती भाऊ. शेपटीसकट माझ्या हाताहून लांब, पाठीवर काटेरी झालर. कोणीच पुढे होईना. मलाच तेवढा पुळका आला आणि मी ते विकतचं दुखणं घरी आणलं. "आ बैल, मुझे मार," बाबा पलंगावरूनच म्हणाले.

पहिल्याच दिवशी त्याने मनगटावर शेपटी अशी हाणली की वळ उठला. पुढे पाण्याचं भांडं बदलताना अंगठा फाडला, टाके घालावे लागले. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "त्याला पकडायला जाऊ नका. आधी कोणीतरी फार ओढाताण केलीय त्याची. रोज जवळ नुसतं बसा. तुम्ही दचकलात की तो घाबरतो, आणि घाबरला की चावतो."

नुसतं बसा! सांगायला काय जातं? मी जास्वंदीची फुलं घेऊन पिंजऱ्याशी बसायची आणि त्याने डोळा फिरवला तरी मागे सरकायची. गळ्याखालची कातडी ताणून तो मान वरखाली करायला लागला की फुलं तिथेच टाकून उठायची. खरं सांगते, मला त्याची भयंकर भीती वाटायची. त्याहून जास्त भीती बाबांसाठी वाटायची. त्यांची डावी बाजू लुळी आहे. कामठीच्या पॉवरलूमवर उभा जन्म काढलेला तो हात आता उशीवर ठेवून द्यावा लागतो, त्याला गरम-गार काही कळत नाही. त्यात रक्त पातळ व्हायच्या गोळ्या. दाढी करताना खरचटलं तरी रक्त थांबता थांबत नाही. हा प्राणी त्यांना चावला तर काय, या धास्तीने मी पिंजऱ्याची कडी पुन्हा पुन्हा बघायची.

आणि एका थंडीच्या सकाळी नेमकी तीच लावायची राहिली. लाइट गेली होती, पिंजऱ्यातला उबेचा दिवा विझला होता. फुलं आत टाकताना त्याची शेपटी हलली, मी दचकून दार लोटलं आणि चहा ठेवायला गेले. परत येऊन बघते तर पिंजरा रिकामा. तो बाबांच्या पलंगावर, उन्हाच्या तुकड्यात, त्यांच्या लुळ्या हातावर पसरला होता. नखं कातडीवर टेकलेली, तोंड बोटांशी.

ओरडले तर तो बिथरणार. "बाबा, हलू नका," मी कसंबसं म्हणाले.

"हलून कुठं जाऊन राहिलो वं मी?"

मला हसू आलं नाही. पलंग आणि खिडकीच्या मध्ये मी फरशीवर बसले. हातावर कुठे रक्त दिसतंय का, एवढंच बघत राहिले. त्याच्या गळ्याखालची कातडी मात्र सैल लोंबत होती, डोळे अर्धवट मिटले होते. त्याच्याखाली दचकणारं कोणी नव्हतं. स्वयंपाकघरातून चहा आटून पातेलं करपल्याचा वास आला, तरी मी उठले नाही.

ऊन सरकायला लागलं. पलंगावरून उतरून ते फरशीवर आलं, मग माझ्या मांडीवर. त्याच्यामागोमाग तोही उतरला. सलवारीतून नखं टोचली, जड अंग मांडीवर चढलं आणि तोंड माझ्या फाटलेल्या अंगठ्याशी येऊन थांबलं.

"आता तू हलू नको वं बाई," बाबा हळूच म्हणाले.

मी हलले नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेही पुसता येईना.

"भेव लागून राहिलं का?"

मी नुसते डोळे मिटून हो म्हटलं.

"मले रोजच लागते," बाबा म्हणाले. "असं पडून राहिलं का लागतेच."

इतक्या दिवसांत बाबा हे कधी बोलले नव्हते. मला उठून त्यांचा हात धरायचा होता. पण मांडीवर ऊन होतं, आणि ते सरकेपर्यंत मला हलता येणार नव्हतं.