सातवी ब मधला ज्वालामुखी

कोथरूडच्या त्या मराठी शाळेत मराठी म्हणजे कानिटकर बाई, हे समीकरण पक्कं होतं. हेमा कानिटकर शनिवार पेठेतून रोज स्कूटरवरून यायच्या. संस्कृत घेऊन एम. ए. झालेल्या. शुद्धलेखनाची एक चूक नजरेतून सुटायची नाही. त्यांच्या वर्गात टाचणी पडली तरी आवाज व्हावा, अशी शांतता असे आणि त्या शांततेचा त्यांना अभिमान होता.

जूनमध्ये रुपाली डाखोरे शाळेत आली. यवतमाळकडची, विश्रांतवाडीला भाड्याने राहणारी, वयाने हेमाबाईंच्या निम्मी. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत ती म्हणाली, "मुलं वाचून राहिली आहेत, मी चहा घेऊन येते." हेमाबाई शेजारणीला हळूच म्हणाल्या, "वाचून राहिली आहेत म्हणे. कुठे राहिली आहेत, तेही विचारा." दोघी हसल्या. तेव्हा हसणं सोपं होतं.

पण दिवाळीच्या सुमारास सातवी ब मधून वेगळेच आवाज यायला लागले. भिंतीपलीकडे हेमाबाईंचा तास असायचा. एके दिवशी रुपालीने मुलांना ज्वालामुखीवरचा उतारा दिला होता. उद्रेकात गाव राखेखाली जातं आणि काही वर्षांनी माणसं पुन्हा त्याच डोंगराच्या उतारावर शेती करायला येतात, असा तो उतारा.

"एवढं सगळं गमावलं, तरी ती तिथेच का परत आली असतील?" रुपाली विचारत होती. "उताऱ्यात सरळ लिहिलेलं नाही. पण कुठेतरी लपलंय. शोधा."

बराच वेळ नुसती पानं चाळल्याचा आवाज. मग एक मुलगा म्हणाला, "बाई, वर लिहिलंय की राखेने जमीन सुपीक होते."

हेमाबाईंनी आपल्या वर्गाकडे पाहिलं. त्यांची मुलं फळ्यावरची उत्तरं उतरवून घेत होती. आपण हा प्रश्न विचारलाच नसता, हे त्यांच्या लक्षात आलं.

पलीकडे आता शब्दांचा खेळ सुरू झाला होता. ज्वालामुखीतल्या 'ज्वल'ची भावंडं शोधायची होती. ज्वलन, ज्वलंत, उज्ज्वल. मग कुणाला घरातले शब्द सापडले, जाळ, जळण, जळणे. आणि राजनंदिनी नावाची मुलगी म्हणाली, "बाई, जळकुकडी."

सगळा वर्ग हसला. भिंतीअलीकडे हेमाबाईंच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं.

जानेवारीत आसपासच्या शाळांतले शिक्षक एक नमुना पाठ बघायला येणार होते. मुख्याध्यापक अनंत सरांच्या मनात रुपालीचा ज्वालामुखी होता. हेमाबाई त्यांच्याकडे गेल्या.

"सर, पाहुण्यांसमोर शाळेची भाषा शुद्ध दिसावी, एवढंच माझं म्हणणं. बाकी आपण ठरवाल ते."

सरांनी पाठ त्यांना दिला. वर्ग मात्र सातवी 'ब'चाच. रुपालीला कळलं तेव्हा ती हेमाबाईंकडे आली. मग म्हणाली, "घ्या ना, ताई. मुलं कशी बोलतात ते सांगू का थोडं?"

"गरज नाही," हेमाबाई म्हणाल्या.

पाठाच्या दिवशी वर्ग भरलेला होता. पाहुणे भिंतीकडेने, रुपाली सगळ्यात मागे. सुरुवात झकास झाली. हेमाबाईंनी तेच प्रश्न विचारले आणि मुलांनी तीच उत्तरं दिली. मग त्यांनी 'ज्वल'ची भावंडं विचारली. साई नावाचा मुलगा एकदम उठला.

"बाई, जळू."

"जळू जळते का रे? चावते," हेमाबाई म्हणाल्या.

पाहुणे खळखळून हसले. साई खाली बसला आणि त्यानंतर एकही हात वर आला नाही. हेमाबाईंनी पुन्हा विचारलं. मुलं पाठ्यपुस्तकात बघत राहिली. शेवटी फळा त्यांनी एकटीने भरला. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पाहुणे जाताना "छान झालं" म्हणाले, त्या स्वराचा अर्थ त्यांना चांगला कळत होता.

दुपारी शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी साई उभा होता, मागे अजून दोघं.

"बाई, जळू 'ज्वल'मधून येत नाही, तर कुठून येते? डाखोरे बाई म्हणाल्या, मला माहीत नाही, कानिटकर बाईंना नक्की माहीत असेल."

हेमाबाईंना ते सकाळीही माहीत होतं. "पाण्यातून," त्या म्हणाल्या. "जल. संस्कृतात जलौका म्हणतात. जळणे आगीचं, जळू पाण्याची. तू चुकलास, पण चूक चांगली होती."

मुलं पळाली. थोड्या वेळाने रुपाली वह्या घेऊन आत आली.

"तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"नाही, ताई."

"आणि वर्गात तसं सांगून टाकलंत?"

"मग काय सांगणार?"

ती सहज बोलली आणि वह्या तपासायला बसली. हेमाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. तिची मुलं, तिचे तास, तिचं कौतुक, या सगळ्याचा हेवा करून झाला होता. आता 'मला माहीत नाही' या एका वाक्याचा वाटत होता. इतक्या वर्षांत ते त्यांच्या तोंडून वर्गात कधी निघालं नव्हतं.

"उद्या चौथा तास मोकळा आहे मला," त्या जरा तुटकपणेच म्हणाल्या. "तुमच्या वर्गात मागे बसले तर चालेल?"

"बसा ना," रुपाली म्हणाली. "फक्त मागचा बाक डुगडुगून राहिलाय."

हेमाबाई यावेळी त्या वाक्याला हसल्या नाहीत.