साडूंचा पहिला नेम

हिंगोली जिल्ह्यात कधीच सत्कार न झालेला माणूस शोधायचा, तर माझ्या साडूंना कधीच न भेटलेला माणूस शोधावा लागेल. आणि असा कोणी सापडलाच, तर त्याबद्दल साडू त्याचा सत्कार करतील. त्यांच्या गाडीच्या डिकीत स्टेपनी नसते, शाली असतात. एकदा वारंगा फाट्याजवळ टायर बसला, तेव्हा मदतीला थांबलेल्या ट्रकवाल्याला त्यांनी भर रस्त्यात शाल पांघरली, त्याच्या सेवाभावावर छोटेखानी भाषण केलं आणि मगच पंक्चरवाल्याकडे सोडायला सांगितलं. सत्कार करण्याइतकाच तो करून घेण्याचाही त्यांना सोस. कुरुंद्यात पाण्याची टाकी बांधून झाली, हार यांच्या गळ्यात. ती गळायला लागली आणि दुरुस्त झाली, पुन्हा हार यांच्याच गळ्यात. एका वर्षी पाऊस बरा झाला, त्याचंही श्रेय त्यांनी थोडे आढेवेढे घेऊन स्वीकारलं. ‘यात तुमचं काय?’ असं मी एकदा विचारलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “साडू, मी व्हतो की तिथं.”

अशा माणसाला पिस्तूल हवंसं वाटणं ओघानंच आलं. अर्जात त्यांनी कारण दिलं होतं हळदीच्या शेतातली रानडुकरं. ज्या डुकरांनी आजवर बंदुकीला दाद दिली नाही, ती कमरेच्या पिस्तुलाला का घाबरतील, हे त्यांनी सांगितलं नाही. माझा अंदाज असा की, कमरेला काही नसलं तर फोटोत माणूस अर्धवट दिसतो, असं त्यांचं मत झालं असावं. साधंसुधं पिस्तूल त्यांना चालणार नव्हतं. दर गोळीमागे आपोआप पुढची गोळी भरणारं, मोठ्या बोअरचं म्हणजे जाड नळीचं, पट्ट्याला लावलं की धोतर एका बाजूला झुकेल असं हवं होतं. अडचण एवढीच होती, की परवान्याआधी शिक्षण घेऊन गोळ्या झाडून दाखवाव्या लागतात. साडूंना ही अडचण वाटली नाही, कार्यक्रम वाटला. “साडू, तुमी सोबत या. लिहिता-वाचता माणूस साक्षीला बरा,” म्हणाले, आणि टाळ्यांसाठी गावातली चार माणसंही गाडीत घेतली. बर्फाच्या डब्यात झेंडूचा एक जाड हार होता. तो कोणासाठी, हे विचारण्याइतका मी नवखा नव्हतो.

माळावरच्या त्या नेमबाजीच्या मैदानात एक निवृत्त सुभेदार शिकवत. त्यांनी ‘नळी कायम समोर’ एवढं म्हणेपर्यंत साडूंनी त्यांना शाल पांघरलीसुद्धा. सुभेदार संकोचले, पण बुजुर्गांचा मान म्हणून तशीच अंगावर ठेवून शिकवू लागले. शेजारच्या जागेवर कनेरगाव नाक्याची एक मुलगी उभी होती. तिला बंदूकधारी पहारेकऱ्याची नोकरी लागायची होती. त्या दिवशी अर्जावर सुभेदारांची सही मिळाली तर जागा तिची, नाहीतर दुसऱ्याची. साडूंनी तिला मोकळेपणानं धीर दिला. “घाबरू नको, बाई. माझ्याकडं पाहून शीक.”

मग त्यांनी पिस्तूल हातात घेतलं, तेही पहिल्यांदाच भाषण न करता. ते वजन त्यांनी मनगटात नव्हे, चेहऱ्यावर पेललं होतं. पहिला बार झाला तसे दोन्ही हात आभाळाकडे गेले, टोपी मागे पडली आणि टाळ्यांसाठी आणलेली माणसं खाली बसली. साडू मात्र जागचे हलले नाहीत. नळी समोर ठेवून, दातांवर दात रोवून, त्यांनी उरलेल्या गोळ्याही झाडल्या. शेजारी ती मुलगी कुणाकडे न बघता आपल्या गोळ्या झाडत होती.

सुभेदार समोरच्या मातीच्या बांधावर लावलेले दोघांचे नेमाचे कागद काढून आणायला गेले. परतताना वाऱ्यानं शाल घसरली, ती सावरायला त्यांनी दोन्ही कागद एकत्र काखेत धरले, आणि येऊन एकेकाच्या हाती एकेक दिला. साडूंच्या कागदावर मधल्या काळ्या गोलात भोकांचा झुबका होता. मुलीचा कागद कोरा होता.

“सर, माझा नेम बसला होता,” मुलगी म्हणाली.

“बाई, कागद समोर आहे. मी काय करू?” सुभेदार म्हणाले.

टाळ्या सुरू झाल्या. हार डब्यातून निघाला. ती मुलगी कोऱ्या कागदाची घडी घालू लागली. मी साडूंकडे पाहिलं. ज्यांनी पावसाचं श्रेय सोडलं नाही, ते हे कशाला सोडतील?

साडूंनी हार घालणाऱ्याचा हात मध्येच अडवला. “थांब. हे भोकं माझे न्हाईत.”

सुभेदार हसले. “अहो, इतका नम्रपणा बरा नाही.”

“नम्रपणा? माझ्यात? साडूला इचारा,” साडू म्हणाले. “दर बाराला डोळे मिटून घेत व्हतो म्या. अन् उघडले की वर बांधावर धूळ दिसायची. सगळ्या मातीत गेल्या. कागद बदलला तुमच्याकडनं. ही पोरगी मान न हलवता उभी व्हती, तिचंच काम हाये हे.”

सुभेदारांनी पुन्हा बांधाकडे जाऊन पाहिलं. साडूंचा कागद होता त्याच्या वरची माती उकरल्यासारखी झाली होती. परत येऊन त्यांनी मुलीचा अर्ज मागून घेतला.

“मंग ह्या हाराचं काय?” गावातल्या एकानं विचारलं.

“तिला घाल की.”

“आधी सही होऊ द्या, काका,” मुलगी म्हणाली. साडू इतके मोठ्यानं हसले की तो दुसरा बार वाटला.

सुभेदारांनी साडूंना पुढच्या महिन्यात पुन्हा यायला सांगितलं. साडूंनी मान हलवली, पण तारीख विचारली नाही. गावातली माणसं मागच्या सीटवर बसली. साडू गाडीला वळसा घालून माझ्याकडे आले आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. आपली गाडी त्यांनी सख्ख्या मुलालाही कधी चालवू दिलेली नव्हती.

“हात थरथरून राहिला, साडू,” ते हळूच म्हणाले. “आजचाच न्हाई. वरीस झालं. कुणाला बोललो न्हाई.”

मी गाडी सुरू केली. दोन्ही बाजूंना हळदीची हिरवी पानं उभी होती. साडू काचेतून बाहेर बघत होते, हात मांडीवर एकावर एक धरून. शेजारी बसलेल्या या माणसाबद्दल माझा ऊर भरून आला होता, आणि ते कसं सांगावं हे मला कळत नव्हतं. म्हणून रस्ता मोकळा असूनही मी गाडी हळूच घेतली.