स्वयंपाकघरातून टोकलं ते कोणी?

इथले अनुभव मी चहा पिता पिता वाचतो आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसतो. चकवा, पैंजणांचा आवाज, पांढरी साडी... माझा कशावरच विश्वास नव्हता. आमच्या धर्मात तर मेलेल्यांशी बोलायचा प्रयत्न करायलाही सक्त मनाई, त्यामुळे घरात तो विषयच निघत नसे. म्हणून हे लिहिताना मलाच अवघड वाटतंय. हसायचं तर खुशाल हसा.

आम्ही बेने इस्राएल – म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. राहतो सोलापुरात, रेल्वे लाइन्स भागात. नवी पेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. शनिवारी आमचा शब्बाथ, म्हणजे काम बंद ठेवायचा दिवस, त्यामुळे अख्खा बाजार गिऱ्हाइकांनी फुललेला असताना माझं शटर खाली. शेजारचे दुकानदार आजही चिडवतात, "काय शेठ, साडेसाती संपली न्हाय का अजून?" पूर्वी इथे आमची बरीच घरं होती. कोणी इस्राएलला गेलं, कोणी ठाण्याला. आता मला माहीत असलेलं आमचं एकच. सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनामंदिर, गाठायचं तर पुणे.

म्हणून बाबा दर शनिवारी घरीच तोरा वाचायचे. तोरा हा आमचा हिब्रू भाषेतला धर्मग्रंथ. आठवड्याचा भाग ठरलेला असतो, वर्षभरात ग्रंथ पूर्ण होतो. तो चालीत म्हणायचा असतो. आणि एक नियम पक्का – शब्द चुकला की ऐकणाऱ्याने तिथल्या तिथे टोकायचं, वाचणाऱ्याने मुकाट्याने परत म्हणायचं. चूक पुढे न्यायची नाही. आमच्या पूर्वजांचं जहाज कोकण किनाऱ्यावर फुटलं, पोथ्या समुद्रात गेल्या आणि तोंडात होतं तेवढंच उरलं, अशी आमच्यात गोष्ट सांगतात. बाबा ती कालपरवा घडल्यासारखी सांगायचे.

मग बाबांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समजत मात्र सगळं होतं. शनिवारी त्यांच्या कॉटशेजारी बसून मी वाचायला लागलो. माझं शिकणं लहानपणीचं, तेवढंच. नंतर ते वाचायचे आणि मी ऐकायचो. चुका होणारच. चूक झाली की बाबांचा डावा हात कॉटच्या दांडीवर आपटायचा – ठक! मी मागे जायचो, एकेक शब्द वेगळा म्हणून बघायचो. "हा का, बाबा? हा?" ठक. नक्की काय चुकलं ते त्यांना सांगता येत नव्हतं आणि मला ओळखता येत नव्हतं. शेवटी त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि मी पुस्तक मिटायचो. शनिवारी मोबाइल चालत नाही, म्हणून मधल्या वारी त्यावर दुसऱ्या कोणाचं वाचन लावून बघितलं, पण ती चाल आमची नाही. बाबा तोंड फिरवायचे. वाचलं तर त्यांना त्रास, न वाचलं तर त्याहून जास्त. इतकं हतबल मला कधीच वाटलं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारची दुपार. बायको मुलीला घेऊन ठाण्याला माहेरी गेली होती. घरात मी, बाबा आणि त्यांचं करायला येणाऱ्या मंगलबाई. या मोहोळकडच्या. त्या बाबांचे पाय चोळत होत्या. त्या आठवड्याच्या भागात एक वाक्य येतं – करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस. आमच्याकडे दूध आणि मटण एकत्र येत नाही, भांडीसुद्धा वेगळी, ती यामुळेच. माझी आई हे इतकं कडक पाळायची की मटण जेवलेल्या पाहुण्याला दुधाचा चहा मिळायचा नाही, मग तो जावई का असेना! आईला जाऊन बरीच वर्षं झाली. तिला हिब्रू वाचता येत नव्हतं. बाबा वाचायचे तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात बसून ऐकायची. पुस्तक उघडं असताना तिने कधी अवाक्षर काढलं नाही.

दूध म्हणजे 'हालाव'. मी तसंच वाचलं. ठक. पुस्तकात स्वरांची टिंबं छापलेली असतात, पण लहानपणी वळलेली जीभ त्यांना जुमानत नाही. परत तेच वाचलं. ठक, ठक. बाबांचा चेहरा लाल झाला. मी पुन्हा तोच शब्द म्हणालो, आणि स्वयंपाकघरातून आवाज आला –

"हालेव रे, हालेव!"

आईचा. स्वच्छ. जरा वैतागलेला.

मी पुस्तकातून मान वर केली. बाबांचा हात दांडीवरच थांबला होता. त्यांनी कष्टाने मान दाराकडे वळवली आणि डाव्या हाताची बोटं हळूच ओठांना लावली. आमच्यात भेटल्यावर हाताला हात लावून आपली बोटं अशी ओठांना लावतात.

मंगलबाई म्हणाल्या, "दादा, वैनी आल्या व्हय ठाण्यावनं?"

"नाही. का?"

"मग आत कोण बाई हाय? 'हाले, हाले' आसं कायतरी बोलली की आत्ता!"

मी उठून गेलो. कोणी नव्हतं. मागच्या दाराला आतून कडी. मंगलबाईही डोकावल्या आणि "मला लई भ्या वाटतंय बया" म्हणत अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. मी परत येऊन 'हालेव' वाचलं. हात आपटला नाही.

रविवारी इस्राएलमधल्या मावसभावाला फोन केला. म्हणाला, "बरोबर आहे. 'आईच्या दुधात' असं जोडून आलं की हालावचं हालेव होतं. पण तिथं तुला कोण टोकतंय रे?" मी विषय बदलला. माझ्या बाकीच्या चुकांचं त्याला विचारून उपयोग नव्हता, आमची चाल तो केव्हाच विसरलाय.

माझ्याच डोक्यातून आलं म्हणावं, तर मंगलबाईंनी कसं ऐकलं? बाबा म्हणावेत, तर त्यांचे ओठ मिटलेले होते, मी समोरच होतो. आणि आईला हा फरक कळत होता, हे तरी कुठे माहीत होतं आम्हाला?

पुढच्या प्रत्येक शनिवारी पुन्हा ठक ठक. चुका नव्या. प्रत्येक चुकीला मी आणि बाबा, दोघंही दाराकडे बघायचो. एकदा न राहवून मी मोठ्यांदा म्हणालो, "आई, सांग की गं!" काही नाही. बाबा लहान मुलासारखे रडले.

मे महिन्यात बाबा गेले. आमच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. पुण्याहून गाड्या करून लोक आले, तेव्हा ती झाली.

त्या दुपारचा उलगडा मला आजही झालेला नाही. तुमच्यापैकी कोणाला असं काही ठाऊक असेल तर जरूर लिहा.

मी अजून वाचतो. मुलगी समोर बसते आणि माझ्या पाठोपाठ म्हणते. आता भाग एका दमात संपतो, मध्ये कोणी अडवत नाही. काल तिने पहिल्यांदाच सगळं न अडखळता म्हणून दाखवलं. हुबेहूब माझ्यासारखं. त्यात माझ्या चुका किती, हे तिला माहीत नाही... आणि मलाही नाही.