प्यो साहेबांचे हिरवे मोड

प्यो ग्यूसोक विमा कंपनीतून शाखाप्रमुख म्हणून निवृत्त झाले. कंपनी सुटली, पण प्रमुखपण काही सुटलं नाही. कोरियातल्या जोन्जू शहरात, अकराव्या मजल्यावरच्या घराच्या बंद गॅलरीत त्यांनी बेचाळीस ट्रे मांडले होते आणि त्यांत मुळा, मोहरी, ब्रोकोलीची बोटभर रोपं वाढवली होती. त्यांना मायक्रोग्रीन म्हणायचं. नुसतं रोपं म्हटलेलं साहेबांना खपत नसे. रोज सकाळी सातला साहेब हात मागे बांधून तपासणीला निघत. मागे पडलेल्या ट्रेला बोलणी बसत. जोमातल्या ट्रेचा फोटो काढून ते फोनवरच्या 'हिरवी सकाळ' गटावर टाकत. गटात तीनशे माणसं होती, बहुतेक निवृत्त. एकमेकांची पाठ थोपटण्यात त्यांचा दिवस बरा जाई.

ते सगळं खायचं कोणी, हा प्रश्न पत्नीचा, ओक्रिमबाईंचा होता. भातावर मुळ्याची रोपं, नूडल्सवर मोहरीची, आजारी पडलं तर पेजेवर ब्रोकोलीची. साहेबांच्या हातात डबा दिसला की लिफ्टमधले शेजारी घाईघाईनं फोन कानाला लावत. साहेबांना वाटे, केवढी कामाची माणसं!

यंदा छुसोकच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या तोंडावर गावी म्हाताऱ्या आईचं मनगट मोडलं. सणाला पूर्वजांपुढे ठेवायचे सोयाबीनचे मोड ती आजवर स्वतः वाढवायची, तिच्या सासूकडून आलेल्या शिरूत. शिरू म्हणजे तळाला भोकं असलेलं मातीचं रुंद भांडं. त्यात भिजलेलं सोयाबीन घालायचं, वर काळं फडकं टाकायचं आणि येता-जाता ओंजळभर पाणी ओतायचं. आठवड्यात पिवळ्या डोक्यांचे, वीतभर पांढरे मोड तयार.

आईनं शिरू गाडीत घालून पाठवली आणि फोन केला. "ग्यूसोक, या सणाचे मोड तू कर. पानात ठेवण्याजोगे झाले तर शिरू तुझी. नाहीतर इन्सोककडे जाईल."

इन्सोक धाकटा भाऊ, गुन्सानला राहणारा. थोरल्या घरची शिरू धाकट्याकडे जाणार, या नुसत्या कल्पनेनंच साहेबांचं डोकं तापलं. निवृत्तीनंतर त्यांना कोणी काही सोपवलं नव्हतं. ही शिरू त्यांना मनापासून हवी होती, अगदी लहान मुलाला हवी असावी तशी.

ओक्रिमबाई म्हणाल्या, "अहो, मी घालते की पाणी."

"तू मध्ये पडू नकोस. मला अनुभव आहे."

शिरू दिवाणखान्यात स्टुलावर बसली. साहेब दर तासाला फडकं वर करत, दिवा धरत, फोटो काढत. चौथ्या दिवशी डोक्यांवर किंचित हिरवी झाक दिसली. साहेब चरकले. पण गटावरचा कोणी तज्ज्ञ म्हणाला, "वा, हिरवा रंग म्हणजे जीवनसत्त्वं!" झालं. साहेबांनी फडकं काढून घडी घालून ठेवलं आणि शिरू गॅलरीत उन्हाला नेली. ट्रेंना उजेड मानवतो, तर मोडांचं काय वाकडं होणार होतं?

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी इन्सोक आईला घेऊन आला. हाताला प्लास्टर, पण म्हातारी चप्पल काढून तडक गॅलरीत.

"फडकं कुठंय?"

"काढलं आई. उजेड दिला. शहरात आता असंच करतात."

आईनं एक हिरवा, केसाळ मुळांचा मोड उपटला, चावला आणि तळहातावर थुंकला.

"कडू जहर."

"दादा," इन्सोक वाकून बघत म्हणाला, "हे पूर्वजांसाठी आहे की त्यांच्या बैलांसाठी?"

"तू गप रे," आई म्हणाली आणि थोरल्याकडे वळली. "किती वेळा उघडून पाहिलंस?"

"तासातासाला, आई! सगळे फोटो आहेत, दाखवू?"

"यांना अंधारात ठेवायचं, पाणी घालायचं नि विसरायचं. तुला कसं जमावं? कोणी बघत नसताना तू जन्मात एखादं काम केलंयस का?"

साहेबांचे कान लाल झाले. एकसष्ट वर्षांत त्यांना असं कोणी बोललं नव्हतं.

"आता उद्या पानात काय ठेवायचं?" आई कपाळाला हात लावून म्हणाली.

ओक्रिमबाईंनी हात पुसले. स्वयंपाकघरातल्या सिंकखालच्या कपाटातून एक पोचे आलेली जुनी किटली काढून आणली आणि झाकण उघडलं. आत पिवळी डोकी दाटीवाटीनं उभी होती. आईनं बोट घालून एक मोड ओढला. पांढरा, सरळ, वीतभर. चावला, नि लगेच दुसरा घेतला.

"मला सांगितलं का नाहीस?" साहेब कसेबसे म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही उघडून पाहिलं असतंत."

इन्सोक खो-खो हसला. आई मात्र हसली नाही. सुनेचा हात धरून म्हणाली, "पोरी, शिरू तुझी."

"नको, आई. मला किटली पुरते." ओक्रिमबाईंनी झाकण लावलं. "शिरूत मोड घातले की हे तिच्यावर साहेब होऊन बसणार. किटलीकडे कोणाचं लक्ष जात नाही, तेच बरं."

म्हातारीनं शिरूकडे पाहिलं. सासूकडून आलेली वस्तू; टाकवत नव्हती.

"मग तूच ठेव, ग्यूसोक. तळाला भोकं आहेतच. मिरचीचं रोप लाव, छान येईल. त्याला कितीही वेळा बघ."

अशी शिरू थोरल्या घरी राहिली. सगळे स्वयंपाकघरात गेले. साहेबांनी गॅलरीत एकट्यानं हिरवे मोड उपसले आणि शिरू आतून स्वच्छ धुतली. त्याचा फोटो मात्र त्यांनी काढला नाही.