कानापर्यंत न पोचलेला हात

ठकूबाई गेल्याचं तिच्या मुलीने, सुरेखाने फोनवर कळवलं. "गुर्जी, आई ग्येली…" एवढंच बोलली. त्याला महिना झाला. एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. माझी लाजच आहे ती, तरी सांगून टाकतो.

राजूरच्या वर, डोंगरातल्या आदिवासी वाडीवर मी एकशिक्षकी शाळेत रुजू झालो ते एकाहत्तर साली. मी पारनेरचा, नवखा, आणि नियमांचा भारी सोस. पहिलीत घ्यायला पोर सहा वर्षांचं हवं, आणि जन्माचा दाखला वाडीत कुणाकडेच नव्हता. म्हणून रीत अशी, की उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायचा. लागला तर पोर शाळेचं. ठकूचा लागेना. अंगाने काडी, पण शिकायची हौस दांडगी. मान वाकडी करून कान गाठू बघायची. "लबाडी नको, पुढच्या वर्षी ये," मी दरडावलं. तिचा बाप अजिजीने म्हणाला, "सात पावसाळं झालं की हिला, गुर्जी. पोटालाच न्हाई, तर हात कुठनं वाढंल?" तिथेच मी वरमायला हवं होतं. पुढच्या वर्षीही बोटभर अंतर उरलं आणि मी तिला पुन्हा परत पाठवलं…

त्याच साली दुष्काळ पडला. आईबाप खडी फोडायला गेले, त्यांच्यामागे ठकूही गेली, पाण्याची कळशी वाहायला. तिथे तिचं वय कुणी विचारलं नाही. परतल्यावर ती गुरांमागे लागली. शाळेकडे फिरकली नाही, आणि मीही तिला बोलवायला गेलो नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी राजूरच्या बाजारात भेटली. भर गर्दीत डोक्यावरून हात नेऊन कान धरला न् म्हणाली, "बगा गुर्जी, आता लागतोय का?" आणि खळखळून हसली. मीही हसलो. माफी मागायची सोडून हसलो. तीच आमची शेवटची भेट.

दहाव्यानंतर तिच्या घरी गेलो. सुरेखा पाय पसरून तान्ह्या लेकीला न्हाऊ घालत होती. तेल चोळून बाळाचा एकेक हात हलकेच ओढत होती. "हे कशाला गं?" मी विचारलं.

"आईची सवय, गुर्जी. आमा समद्यांचं हात ती अशीच वढायची. म्हनायची, साळंत जायचंय, लांब व्हायला पायजेत."

"अगं, तो नियम केव्हाच गेला."

"व्हय, ठावं हाय," ती म्हणाली, आणि तिने बाळाचा दुसरा हात ओढायला घेतला.