रक्त ऐकायचं पेन

हॉस्पिटलात कापूस संपतो, स्पिरिट संपतं, किस्से तेवढे संपत नाहीत. त्यातून आमचं हॉस्पिटल वाशीत, ऐंशीच्या दशकातलं. अर्धे पेशंट नव्या बिल्डिंगांतले, अर्धे आसपासच्या गावांतले. मी तिथे टेक्निशियन होते आणि डॉप्लरचं मशीन माझ्या ताब्यात होतं. त्यामुळे माझ्या वाटणीला जरा जास्तच किस्से आले. माझी काही तक्रार नाही, मजेत गेली ती वर्षं.

मशीन म्हणजे काय, तर ट्रान्झिस्टरएवढा डबा आणि त्याला वायरने जोडलेलं जाडसं पेन. पेन कातडीवर टेकवलं आणि खाली रक्त वाहत असलं की डब्यातून हुश्श-हुश्श आवाज यायचा. ज्यांच्या पायाच्या नसा बंद होत आल्यात, त्यांचा पाय वाचेल की कापावा लागेल, हे ठरवताना आमचे सर्जन बर्वेसर त्या आवाजावर भिस्त ठेवायचे.

*

मशीन आलं त्या दिवशी सगळा स्टाफ भोवती गोळा झाला. सर समजावत होते, "तळोज्याचा ट्रक हॉर्न वाजवत आपल्याकडे येतो तेव्हा सूर बारीक लागतो, पुढे गेला की जाडा. हे पेन आत आवाज सोडतं, तो पळत्या रक्तावर आपटून परत येतो. रक्त जितकं जोरात पळेल, तितका सूर जास्त बदलतो. तो बदल हा डबा ऐकवतो."

वॉर्डातल्या सुमनमावशी कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे माणूस आडवा झाला तरी आतून पळतच असतो. मग दुपारी आमी जरा टेकलो तर ओरडता कशाला?"

सर पुढच्या वॉर्डात निघून गेले.

*

माझा पहिला पेशंट म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जोशीकाका. मी पेन त्यांच्या मनगटावर छान सरळ उभं धरलं. डबा गप्प. कोपरात धरलं, तरी गप्प. समोर काका टकटकीत जिवंत, आणि मला घाम फुटलेला.

सरांनी येऊन माझा हात कलता केला. "लिहिताना धरतेस तसं तिरकं धर. उभं धरलंस तर रक्त ना तुझ्याकडे येतं, ना लांब जातं. सूर बदलणार कसा?"

लगेच हुश्श-हुश्श सुरू. काका इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी काकूंना घेऊन हजर. "हिचंही बघा." काकू म्हणाल्या, "माझं घरी ऐकलं तरी पुरे."

*

पेन आणि कातडीमध्ये हवा राहू नये म्हणून जेली लावायची. नुसती चिकट जेली, औषध नव्हे. उरणच्या एका आजींनी तपासणीनंतर ती पुसूच दिली नाही, गुडघ्यापर्यंत चोळून घेतली. पुढच्या खेपेला शेजारणीला घेऊन आल्या. "हिला पन तो मलम लावा. माजा गुडगा बरा झाला."

सरांनी खूप समजावलं. शेजारीण जेली लावूनच गेली.

*

आणि राघोदादा. उरणकडचेच, मासेमारी करणारे. डावा पाय गार आणि निळसर पडलेला. दुसरीकडे एका डॉक्टरने सांगितलं होतं, पाय कापावा लागेल. पायाशिवाय होडीवर उभं राहणार कसं? नवराबायकोच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

सर म्हणाले, "घोट्यापाशी थोडा जरी प्रवाह मिळाला, तर मुंबईला पाठवून पायातल्या बंद नसेचं बायपास करून घेऊ."

मी पंखा बंद केला. पावलावर शोधलं, काही नाही. त्यांची बायको हिराबाई, एरवी बोलायला लागली की ओपीडी दणाणायची, ती पदर तोंडात धरून उभी. घोट्याच्या मागे पेन कणाकणाने सरकवत गेले आणि अगदी खालच्या सुरात, दमल्यासारखा आवाज आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. सरांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

पाय वाचला. काही महिन्यांनी दोघं तपासणीला आले. पेन टेकवताच खणखणीत आवाज. सर खूश, पण राघोदादा कुरकुरत होते.

"डॉक्टर, हिला सांगा काहीतरी. रोज सकाली माज्या पायावर डोका ठेवतं. गावातले बाप्ये आपापल्या बायकांना सांगतात, बघा, राघोच्या बायकोकरून शिका. आनि त्या बायका मना शिव्या देतात."

सर हसले. "हिराबाई, अहो, तो आवाज नुसत्या कानाला येत नाही. त्याला मशीनच लागतं."

"ठाव हाय," हिराबाई म्हणाली. "आवाज कोन आयकतंय? गालाला पाय ऊन लागला, का मंगच मी चा ठेवतंय."