मांजरापुरतं दार

आमचे हे गेले, तेव्हापासून झाशीत माझ्याशी मराठी बोलणारं कुणी उरलं नाही. मुलगा दिल्लीला. त्याला मराठी कळतं, पण उत्तर हिंदीतून देतो. सून-नातवंडांचं तर विचारूच नका. शेजारीण 'भाभीजी' म्हणते, भाजीवाला 'अम्मा'. म्हणून मी मांजराशी बोलते. त्यालाही सगळं कळतं आणि बोलता येत नाही, म्हणजे घरातल्या पुढच्या पिढीत ते बरोबर बसतं.

हे असताना मागच्या दाराशी मांजर ओरडलं की हेच उठायचे. आता माझे गुडघे उठू देत नाहीत, आणि उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत त्याचं ओरडणं ऐकूही येत नाही. दार उघडं टाकावं तर माकडं आत. एकदा भर दुपारी लूचे गरम वारे सुटले असताना ते बाहेर राहिलं आणि दिवस कलेपर्यंत आलंच नाही. मी इतकी घाबरले म्हणता! हेही गेलं तर मी बोलू कुणाशी, भिंतींशी?

मुलानं फोनवर मांजराच्या दारांचे फोटो पाठवले. स्मॉल, मीडियम, लार्ज. जसं काही मांजराला ब्लाउज शिवायचाय! मी सरळ सुताराला बोलावलं.

"काय अम्मा, बिल्ली है के बिलौटा?" त्यानं विचारलं. बुंदेलीतलं हे 'काय' म्हणजे आपलं 'का हो'. इतकी वर्षं झाली, तरी ते ऐकलं की क्षणभर वाटतं, कुणी मराठीतच हाक मारली. मग पुढचं वाक्य येतं.

आता आली का पंचाईत! मराठीत ते 'ते मांजर'. बोका की भाटी, बघायची वेळच आली नव्हती. भाटी म्हणजे मांजरी, आमच्या घरातला जुना शब्द. पण मी अडते थोडीच! "बिलौटा," मी ठणकावून सांगितलं. त्याचं तोंड केवढं, गुर्मी केवढी, हातच्या काकणाला आरसा कशाला?

"तो ठीक. बिल्ली होती तो पेट के लिए जगह छोड़ते," तो म्हणाला.

दुधाची वाटी पुढे ठेवून मी मांजराच्या खांद्यांपाशी टेप धरली. तिथली रुंदी आणि वर दोन बोटं मोकळी. खालची कड त्याच्या पोटाच्या उंचीला. मागच्या दाराला तेवढंच भोक आणि त्यावर आत-बाहेर झुलणारी फळी. माकड घुसू नये, एवढीच.

पहिल्या दिवशी मांजरानं फळी हुंगली, माझ्याकडे पाहिलं. "अरे ये, तुझंच घर आहे," म्हटलं. त्यानं डोकं लावलं आणि टप्! आलं आत. पुढे त्या आवाजाची मला सवयच लागली. दिवसातून एकदा तरी कुणी घरी येत होतं. मी आतूनच विचारायची, "आलास का रे?"

पावसाळ्यात एक दिवस फळी वाजली, पण अर्धवट. जाऊन बघते तर मांजर अर्धं आत, अर्धं बाहेर. "खा अजून, मेल्या!" म्हणत मी हसले, फळी वर धरली, पोटाला हात लावला. आत काहीतरी हललं. अगंबाई! बोका कसला, ही तर गाभण भाटी.

ती मागे सरकून सुटली आणि गेली ती गेलीच. मी दार सताड उघडं टाकून, काठी घेऊन बसायला लागले. माकडं आली, ती आली नाही. मुलगा फोनवर म्हणाला, "मम्मी, दूसरी पाल लो." मी फोन ठेवला आणि खूप रडले. नुसत्या मांजरासाठी नाही, हे मलाही माहीत होतं.

पाऊस सरत आला होता. दुपारी पोळ्या लाटत होते, तेवढ्यात टप्! ती उभी होती, वाळून गेलेली. माप पुन्हा बरोबर झालं होतं. दूध ठेवलं, तर तोंड लावेना. फळीकडे बघून ओरडत राहिली, आणि बाहेरून बारीक आवाजात उत्तर येत होतं. खालची कड तिच्या पोटाच्या मापाची, पिल्लाच्या डोक्याच्याही वर.

गुडघ्यांना शिव्या देत मी जमिनीवर बसले, फळी वर धरली, दुसरा हात बाहेर काढला. "ये रे... ये ग... ये बाई, जे काय असशील ते!"

पिल्लू नुसतं बघत राहिलं. त्याला अजून मराठी कळत नव्हतं. मी बोलत राहिले.